पालकांच्या विनंतीवरून

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघणार होती आणि तिच्यातला ‘इतिहास आणि शैक्षणिक आलेख’ हा लेख मी लिहायचा, असं समितीनं ठरवलं. मला विचारलं नाही, कळवलं. समितीचा अध्यक्ष माझाच जुना विद्यार्थी, आता बडा अधिकारी. फोनवर म्हणाला, बाई, तुमच्याइतकी वर्षं या शाळेत दुसऱ्या कुणी काढलीत? ते खरंच होतं. गणित शिकवता शिकवता मी त्या शाळेत म्हातारी झाले. निवृत्तीनंतर बेलापूरच्या घरी बसून भाचीच्या पोरांचे पाढे घ्यायचे, एवढंच काम उरलं होतं. मी हुरळले आणि हो म्हणून बसले.

इतिहास तसा सोपा आहे. जिल्ह्यातल्या हुशार पण गरीब मुलांसाठी सरकारनं काढलेली ही निवासी शाळा. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, निवड झाली तर सहावीपासून राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. पहिली तुकडी पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांवर बसली. पाणी टँकरनं यायचं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली ज्या सरांकडे असायची ते बहुतेक वेळा रजेवर असायचे. पुढं इमारत झाली, वसतिगृह झालं, मुलींना प्रवेश सुरू झाला. मी लागले तेव्हा शाळेच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं, दहावीचा निकाल शंभर टक्के. दर जूनमध्ये पेंटर यायचा आणि फक्त साल बदलून जायचा.

बहुतेक जागा खेड्यातल्या मुलांसाठी राखीव होत्या. हे कळल्यावर शहरातल्या डॉक्टर-वकिलांची मुलं कागदोपत्री खेड्यात शिकायला लागली. पोरगं सकाळ-संध्याकाळ शहरात क्लासला आणि हजेरीपटावर कुठल्यातरी वस्तीवरच्या शाळेत. प्रवेशाच्या दिवशी अशा मुलांच्या गाड्या कमानीबाहेर लागायच्या आणि वडील आम्हाला नमस्कार करून सांगायचे, आम्ही शेतकरीच. आम्हीही मान डोलवायचो. त्यांच्या गर्दीतून दरवर्षी काही खरी खेड्यातली पोरंही आत यायची. ज्यांच्यासाठी शाळा काढली होती, ती ही.

लेखासाठी मी ऑफिसात जाऊन जनरल रजिस्टरं काढायला लावली. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेलं जाडजूड बाड; कुणी कधी आलं, कधी गेलं, का गेलं, सगळं त्यात. मला फक्त पहिल्या मुलींची तुकडी शोधायची होती. पण गणिताच्या माणसाची नजर वाईट. सहावीला जितकी नावं दिसत होती, तितकी दहावीला दिसेनात. नववीच्या शेवटी दरवर्षी थोडी थोडी गळालेली. आणि शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याचे कारण या मथळ्याखाली, पानोपानी एकच मजकूर: पालकांच्या विनंतीवरून. शाई वेगळी, अक्षरं वेगळी, मजकूर तोच. एका पानावरचं अक्षर माझं होतं.

मला ते नव्यानं कळलं असं सांगितलं तर ते ढोंग होईल. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. जे मूल दहावीला निकाल बिघडवेल असं वाटायचं, त्याच्या पालकांना नववीच्या शेवटी बोलावून घ्यायचं, समजावायचं, अर्ज लिहून घ्यायचा आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा. त्या वेळचे मुख्याध्यापक मोठे मृदू बोलायचे. एकदा मी जरा कुरकुर केली तर म्हणाले, “आपण कुणाला काढत नाही, बाई. पालक विनंती करतात.” त्यावर मी गप्प बसले, आणि पुढंही बसतच गेले.

माझ्या अक्षरातली ती नोंद एका मुलीची होती. शेवगावकडच्या कोरड्या पट्ट्यातली. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला कोपरगावकडे जायचे. ही स्वतःच्या अकलेवर परीक्षा देऊन आमच्याकडे आलेली, क्लास नाही की काही नाही. सहावी-सातवीत वर्गात पहिल्या पाचांत. मग घरी धाकटा भाऊ जन्मला आणि दिवाळीच्या सुटीला गेलेली ही पोर महिना-महिना उशिरा परत यायला लागली. फडात आई कोयता चालवायची आणि ही पाचटाच्या कोपीत भावाला सांभाळायची. ती यायची तेव्हा बीजगणित पुढं निघून गेलेलं असायचं. नववीत गणितात ती काठावर आली. मी वर्गशिक्षिका, गणितही माझंच. एक उन्हाळा मी तिच्यासाठी दिला असता तर ती सहज निघाली असती. मी दिला नाही. माझी बदली निघाली होती आणि ती थांबवणं मुख्याध्यापकांच्या हातात होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिच्या वडिलांना गावच्या फोनवर निरोप धाडला. मे महिन्याच्या ऐन उन्हात ते आले, डोक्याला उपरणं, हातात पेढ्यांचा पुडा. ऑफिसात मी त्यांच्या नावानं अर्ज आधीच लिहून ठेवला होता: घरगुती अडचणींमुळे माझ्या मुलीला शाळेतून काढण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. अक्षर सुवाच्य, खाडाखोड नाही. मी काही वाचून दाखवलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. शाईचं पॅड पुढं सरकवलं, त्यांनी डावा अंगठा दाबला आणि उपरणं सरकवून तो केसांना पुसला. मग मी दाखला त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पेढ्यांचा पुडा सोडला. म्हणाले, “आमच्याकडं साधा उत्पन्नाचा दाखला काढायचा तर तहसीलला चार खेपा हुत्यात. तुमी तर बोलावून दिला, बाई. पोरीनं नाव काढलं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर या माणसानं दाखल्यांसाठी उंबरे झिजवले होते. जातीचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा, प्रत्येक दाखला मिळाला की काहीतरी पदरात पडतं, हेच त्याला माहीत. सरकारी शाळा स्वतःहून बोलावून दाखला देते म्हणजे लेक पास होऊन, सगळं शिकून बाहेर पडली, असं त्यानं धरलं होतं. मी एका वाक्यात त्याचा गैरसमज दूर करू शकले असते. शिपाई बघत होता, कारकून बघत होता. मी पेढा घेतला आणि खाल्ला. कारकुनानं दोन घेतले.

माझे अब्बा बेलापूरला शिंपी होते. कापड कमी पडलं की ते असा जोड लावायचे की घालणाऱ्यालाही कळू नये. मी ती कला भलत्याच ठिकाणी वापरली.

रजिस्टर मिटून मी घरी आले, पण लेख काही लिहवेना. आठ दिवसांनी उठले, एसटीनं शेवगाव गाठलं, तिथून जीपनं तिचं माहेरचं गाव. विचारत विचारत कळलं की ती शेजारच्या गावात दिलीय आणि तिथं अंगणवाडी सेविका आहे. अंगणवाडीत पोरांची खिचडी चालली होती. तिनं मला पाहताक्षणी ओळखलं, पदराला हात पुसत पुढं आली आणि पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहावी तिनं लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेविना बाहेरून बसून केली होती. पहिल्याच झटक्यात सुटली होती, गणितासकट. बारावीही तशीच. हे तिनं मला टोमणा म्हणून सांगितलं नाही, बाईंना कौतुक वाटेल म्हणून सांगितलं. मग नोकरीच्या कागदांची पिशवी काढली आणि आमच्या शाळेचा दाखला दाखवला, प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेला. कारणाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, आबांनी असं लिहून दिलं हुतं. त्यांना कोयत्याला माणूस पाहिजे हुतं.

तिनं तो दाखला त्या दिवशी परतीच्या एसटीतच वाचला होता. शेजारी वडील पुड्यातले उरलेले पेढे प्रवाशांना वाटत होते. तिनं त्यांना विचारलं, तुमी मला काढून घेतली का? ते म्हणाले, बाईंनी अंगठा लावायला सांगितला, म्या लावला. तिला वाटलं, म्हातारा धडधडीत खोटं बोलतोय. त्या दिवसापासून ती वडिलांशी कामापुरतं बोलते. माहेरी जाते ती आईसाठी. लग्नात निघताना सगळ्यांच्या गळ्यात पडली, त्यांच्या नाही. हे तिनं अगदी सहज, खिचडी ढवळता ढवळता सांगितलं.

मी तिला सगळं सांगितलं. अर्ज माझा, अक्षर माझं, विनंतीही माझीच. तिच्या वडिलांनी कधी काही मागितलं नव्हतं. बदलीचंही सांगितलं. ती मला ओरडली असती तर मी तिचे उपकार मानले असते. ती पोरांच्या ताटल्या एकात एक रचत राहिली. शेवटची ताटली ठेवून बोलली.

“तुमी शाळेचं पुस्तक लिवताय म्हनालात ना? त्यात हे छापा. आबांना मी वाचून दाखवीन. इतकी वर्सं झाली, बाई, आता नुसतं तोंडानं सांगून न्हाई भागायचं.”

मी कबूल केलं. घरी येऊन दोन रात्रींत लेख संपवला. पत्र्याचं शेड घातलं, टँकर घातला, डॉक्टर झालेले, साहेब झालेले सगळे घातले. शैक्षणिक आलेखाच्या भागात लिहिलं: ‘या शाळेतून एकही विद्यार्थी नापास होऊन बाहेर पडला नाही, कारण जो नापास होईल असं वाटलं त्याला आम्ही आधीच बाहेर काढलं आणि कारण म्हणून त्याच्या पालकांचं नाव पुढं केलं.’ त्याखाली अर्ज, अंगठा आणि पेढ्यांची हकिकत, तिचं नाव न घालता. शेवटी माझी सही.

अध्यक्षांचा फोन आला. लेख सुंदर झालाय, बाई, फक्त थोडी काटछाट केलीय, जागेचा प्रश्न. मी म्हणाले, तो परिच्छेद राहू दे, बाकीचं काय ते काप. तो म्हणाला, तुम्ही काळजीच करू नका. या माणसाला मी वर्गात शिकवलं होतं. काळजी करू नका म्हणाला की गृहपाठ झालेला नसायचा. पण मी जास्त ताणलं नाही.

महोत्सवाच्या दिवशी मांडव भरलेला. कमान नव्यानं रंगवलेली. शाल, नारळ आणि स्मरणिका असं हातात ठेवून मला खुर्चीत बसवलं. भाषणं चालू असताना मी पान उघडलं. माझा फोटो, माझं नाव, आणि पानाच्या मधोमध, चौकटीत, ठळक अक्षरांत: ‘या शाळेतून एकही विद्यार्थी नापास होऊन बाहेर पडला नाही.’ तिथं पूर्णविराम. पुढचं काही नाही. अर्ज नाही, अंगठा नाही, पेढे नाहीत. सूत्रसंचालकानं तेच वाक्य माइकवरून वाचलं, माझ्या नावासकट, आणि टाळ्या पडल्या. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. सगळा मांडव समोर होता, माइक हातात होता. मी आभार मानले आणि बसले. लाज वाटते सांगायला, टाळ्या ऐकून क्षणभर बरंही वाटलं होतं.

शाल विसरल्याचं दाखवून ऑफिसातच सोडून आले. घरी येऊन एक कोरा फुलस्केप घेतला आणि सगळं हातानं लिहून काढलं, त्याच सुवाच्य अक्षरात. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवगावची एसटी पकडली. तिला स्मरणिका दाखवली. तिनं चौकट वाचली, पुस्तक मिटून परत दिलं आणि एवढंच म्हणाली, चला.

वडील घरासमोर लिंबाखाली बाजेवर बसले होते. पार वाळलेले, पण डोक्याला उपरणं तसंच. लेक एवढ्या वर्षांनी आपणहून जवळ येऊन बसली म्हणून भांबावलेले. तिनं सांगितलं, आबा, शाळेच्या बाई आल्यात. त्यांनी चटकन हात जोडले आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी काय बोलावं याची जुळवाजुळव वाटभर केली होती, त्यातलं काही आठवेना. लेक माझ्याकडे बघत होती. मी पिशवीतून तो कागद काढला, घडी उलगडली आणि वाचायला चष्मा शोधू लागले.

कागद पाहून ते सावरून बसले. डावा अंगठा धोतराला पुसून त्यांनी माझ्यापुढं धरला.

“कुठं लावू, बाई?”