टोपी सरळ करायची खूण

मेढ्याकडच्या आमच्या घरात मॅट्रिक झालेला पहिला मी, बी. ए. झालेलाही पहिला मीच. हे मी ताठ मानेनं सांगतो. पण साताऱ्याच्या शाळेतल्या गायनाच्या तासाचा विषय निघाला की गप्प बसतो.

आमच्या गायनाच्या मास्तरांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. हे एकट्या मला माहीत होतं, कारण त्यांनीच सांगितलं होतं. "तुझा कान चांगला आहे. तासाआधी येऊन तंबोरा मिळवून ठेवत जा. आणि कुणाला बोलू नकोस बाबा, घरात चार पोरं आहेत." तासाला मध्येच तार उतरली तर आमची खूण ठरलेली. मास्तर खुंटी पिळत माझ्याकडे बघायचे. सूर जुळला की मी टोपी सरळ करायची. दीड वर्ष कुणाला पत्ता लागला नाही.

मग शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब आले. त्याच सकाळी एका वकिलाच्या पोरानं माझ्या बोलीची नक्कल करत विचारलं होतं, "नांगुर सोडून सा रे ग म कशापायी रं, गड्या?" सगळा वर्ग हसला होता.

साहेबांसमोर मास्तरांनी तंबोरा छेडला. पंचम उतरला होता. मास्तर खुंटी पिळत माझ्याकडे बघू लागले. सूर जुळला, पुढं गेला, तरी मी टोपीला हात लावला नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तर, पंचम चढलाय."

"अरे वा! ये, तू मिळव बघू," साहेब म्हणाले. मी मिळवला. "शाब्बास! कुठला रे तू?"

"जावळीचा, साहेब. शेतकऱ्याचा."

साहेबांनी तीच तार परत सैल केली आणि तंबोरा मास्तरांपुढं ठेवला. "आता तुम्ही."

मास्तर मला शोधत होते. या वेळी मी टोपी अगदी बरोबर सरळ केली. पण साहेब मध्ये उभे होते.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मास्तर नव्हते, गायनाचा तासही नव्हता. वकिलाचा पोरगा मात्र मला पुन्हा कधी हसला नाही. त्याचं मला बरंच वाटलं, हेही सांगायला हवं.

पुढं सांगलीला कॉलेजात असताना मास्तर दिसले. हळदीच्या एका पेढीत पोत्यांवर ब्रशानं खुणा घालत होते. मला बघताच केवढ्यानं ओरडले, "शेठ, हा माझा विद्यार्थी! कान बघा याचा, लाखात एक!"

शेठ गादीवरून म्हणाला, "आवं, तुमच्या कानाशी ढोल बडवला तरी कळंना, आन् दुसऱ्याचा कान वाखाणताय व्हय!"

मास्तर नुसते हसले. मी वाकून पाया पडलो आणि वाकलेलाच पुटपुटलो, "मास्तर, चुकलं माझं." मोठ्यानं बोललो असतो तर शेठनं ऐकलं असतं.

"काय म्हणालास?" मास्तरांनी कानामागं हात धरला.

"काही नाही, मास्तर!" मी ओरडलो. "यंदा बी. ए.ला बसतोय म्हटलं!"