आंबट काय घातलंय?

"बाई, आंबट काय घातलंय?"

स्वयंपाकघरात शिरला की त्याचा पहिला प्रश्न हाच. नमस्कार नाही, चहाची विचारपूस नाही. एका हातानं पातेल्याचं झाकण उचलायचा, दुसऱ्या हातानं वाफ नाकाकडे ओढायचा, डोळे मिटायचा आणि विचारायचा. मसाला कुठला, मिरची किती, याची त्याला फिकीर नसे. "तिकटाचं म्या बगतो. आंबट तेवढं सांगा." मी चिंच म्हटलं की नुसती मान हलवायचा, आमसूल म्हटलं की जरा खुलायचा. आणि करवंद म्हटलं की डोळे उघडून माझ्याकडे बघत हसायचा.

भोरच्या शाळेत तीस वर्षं पोरांना पाढे शिकवून मी निवृत्त झाले. मग उत्रोलीजवळच्या शेतावर आमच्या ह्यांनी दोन खोल्या बांधल्या, अंगणात एक लांबलचक टेबल टाकलं आणि पुण्याची कुटुंबं जेवायला यायला लागली. कुणाची साठी, कुणाचा साखरपुडा, कुणाचा लेक परदेशातून आलेला. त्यांना माझ्या हातचं मटण हवं असे आणि सोबत वाइन. वाइन म्हणजे माझ्या लेखी द्राक्षाचं बिघडलेलं सरबत. पाहुणे बाटल्या आपल्या गाडीतून आणत, भलत्याच आणत आणि वर मलाच सांगत, "मॅडम, रस्सा जरा जास्तच जहाल झालाय." माझा रस्सा पन्नास वर्षं तसाच आहे.

हा झाकण उचलणारा वरवे बुद्रुकचा. मुंबईच्या हॉटेलांत पंचवीस वर्षं वाइन निवडून देण्याचं काम करून, गुडघे गेल्यावर गावी परतलेला. कापूरहोळला एसटीची वाट बघताना आमच्या ह्यांची त्याच्याशी ओळख झाली आणि ते त्याला थेट घरीच घेऊन आले. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा होता, म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे केलं. त्यानं मला "बाई" म्हटलं. या भागात मला निम्मं गाव बाईच म्हणतं.

पाहुणे यायच्या चार दिवस आधी तो त्यांना फोन करी. त्यांच्याशी बोलताना त्याची भाषा इस्त्री करून येई. "कार्यक्रम कशाचा आहे? घरात सगळ्यांत मोठं कोण? त्यांना तिखट सोसतं का?" एवढं झाल्यावर मग कुठली बाटली आणायची ते सांगायचा. फोन ठेवला की इस्त्री मोडायची.

"वाइन जेवणापरीस आंबट पायजे, बाई. न्हाईतर पाण्यागत लागती. म्हून आदी आंबट इचारतो. आन तिकटावर कडक बाटली म्हंजी आगीत तेल."

आमच्या मटणात वाळवलेली कच्ची करवंदं पडतात. ती माझ्या आईची रीत. त्या मटणाला तो गुलाबी वाइन सांगे, चांगली गार करून. एकदा पुण्याचे एक गृहस्थ काळपट लाल, भारीतली बाटली छातीशी धरून आले आणि फणकाऱ्यानं म्हणाले, "गुलाबी? ती बायकांची!" हा हात बांधून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, आधी दोन घास आणि दोन घोट घ्या. नाही पटलं तर तुमची बाटली मीच उघडून देतो." ती भारीतली बाटली न उघडताच परत पुण्याला गेली. मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाले.

पुरणपोळीबरोबर कुठली, असं कुणी विचारलं की तो हात जोडायचा. "पुरणपोळीबरोबर दूध."

एका साखरपुड्याला सगळ्यांपुढे पेले आणि पंच्याऐंशीच्या आजींपुढे पाण्याचं भांडं. यानं दोन चमचे वाइन स्टीलच्या वाटीत घालून आजींपुढे ठेवली आणि कानाशी वाकून म्हणाला, "आजी, वाइन आहे. सूनबाईंनी विचारलं तर काढा म्हणा." थोड्या वेळानं आजींनी सगळ्यांदेखत वाटी पुढे केली. "अरे, तो काढा अजून आहे का?" सूनसुद्धा हसली. आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय?

एका दुपारी मटण शिजत होतं आणि आम्ही दोघंच चुलीपाशी होतो. त्यानं विचारलं, "बाई, तुमी चाकत कशा न्हाई? तीन वर्सं बगतोय. खारट-आळणीसुद्दा वासावर वळखता. कुणी शिकवलं?"

मी जे आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं.

माझं माहेर वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीतलं. धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना तापानं पडला. पंधरा दिवस डोळा उघडेना. आई मटणाची भारी शौकीन. नळी चोखायला बसली की शेजारीण हाका मारून थकायची. तिनं देवीपुढे पदर पसरला, पोरगं उठू दे, जन्मात मटण तोंडात घालणार नाही. पोरगं उठलं. पुढची चाळीस वर्षं आईनं जत्रेला, सणावाराला सगळ्यांना मटण रांधून घातलं आणि स्वतः रस्साही जिभेला लावला नाही. आपण भाकरीबरोबर भिजवलेली करवंदं खायची. वासावरच रांधायची, मी ते तिच्याकडूनच उचललं. खात्रीपुरतं मीठ बघायला मला हाक मारायची आणि मी चाखलं की दर वेळी विचारायची, "आंबट बरोबर लागतंय का?"

मी नऊ वर्षांची होते. खनपटीला बसून तिच्याकडून हे काढून घेतलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "त्येच्या कानावर जाऊ द्याचं न्हाई. कळलं तर त्येच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. मंग म्या सोडलं कशापायी?"

भावाला वाटायचं, आईला मटण आवडतच नाही. तो तिला "माळकरीण" म्हणून चिडवायचा आणि ती हसायची. ती गेली तरी मी त्याला कळू दिलं नाही.

ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला. "गळ्याची आन, बाई. ह्या चुलीच्या भाईर जायाची न्हाई."

वर्षभरानं धरणापलीकडच्या एका मोठ्या रिसॉर्टनं त्याला बोलावलं. मीच म्हटलं, जा बाबा, आमच्याकडे महिन्यातून चार जेवणं, तुझं काम तिथंच. निघताना त्याला वाळवलेल्या करवंदांची एक बरणी दिली. ती त्यानं दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

दोन वर्षांनी भावाची साठी आली. माझी कल्पना अशी की जेवण माझ्या अंगणात होणार. पण भावाच्या मुलीनं त्याच रिसॉर्टमध्ये दुपारचं टेबल सांगून ठेवलेलं. "आत्या, किती वर्षं राबणार? एक दिवस आयतं जेव." मी हसून बरं म्हटलं आणि आतून चांगलीच खट्टू झाले. तरी त्याची भेट होईल, हे एक मनात होतं.

तो आला. काळं जाकीट, हातात गुलाबी बाटली, गुडघ्यामुळे जरा तिरका चालत. मला पाहिलं आणि त्याचा हात बाटलीवरच थांबला. मला वाटलं, आनंद झाला असेल.

भाची म्हणाली, "तुम्ही तुमच्या आईची गोष्ट सांगता ना? माझ्या मैत्रिणीनं बजावलंय, ती ऐकल्याशिवाय येऊ नकोस."

"आज राहू द्या, ताई," तो म्हणाला. भाचीनं हट्ट धरला. शेजारच्या टेबलावरचे लोकही माना वळवून बसले. मला कसली शंका असणार? उलट मीच म्हटलं, "सांग की रे!"

त्यानं सांगितली. मटणात करवंद आहे, माझी आई घालायची, इथून सुरुवात. मग ताप, पंधरा दिवस, देवी, नळी चोखायची आवड. एकेक वाक्य ओळखीचं निघत गेलं. आधी वाटलं, असेल योगायोग. मग त्यानं इस्त्रीची भाषा सोडली आणि माझ्या आईच्या आवाजात, तिच्याच सुरात म्हणाला, "कळलं तर त्येच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. मंग म्या सोडलं कशापायी?" तो सूर त्यानं माझ्याकडून उचललेला होता. आई गेल्यापासून तो माझ्याशिवाय कुणाच्या तोंडी नव्हता.

"तो पोरगा म्हणजे मीच," तो म्हणाला. "आई गेल्यावर मला माझ्या थोरल्या बहिणीनं सांगितलं."

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. उठावं, टेबलावर हात आपटावा आणि सगळ्यांदेखत सांगावं, अरे चोरा, ती माझी आई आहे! पण माझ्या उजव्या हाताला भाऊ बसलेला. माझी म्हणावी तर त्याची झाली. पन्नासहून जास्त वर्षं जे त्याच्यापासून लपवलं, ते त्याच्याच साठीला, त्याच्याच ताटापुढं फोडायचं? मी साडीचा काठ मुठीत धरून बसले. आणि त्या चोराला हेही ठाऊक होतं की मी उठणार नाही.

भावानं रुमालानं डोळे पुसले. उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नशीबवान आहात," म्हणाला. मग खाली बसून माझ्याकडे वळला. "आक्का, काय आई असते एकेकाची! आणि बरं झालं बहिणीनं सांगितलं. नाही तर बिचाऱ्याला कळलंच नसतं."

एवढं बोलून त्यानं मटण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माझ्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला नाही.

हात धुवायला गेले तर तो मागोमाग आला. भिंतीला टेकून उभा राहिला.

"बाई, पयल्यांदा सांगितली तवा तुमचीच म्हणून सांगितली," तो म्हणाला. "मंग एका पावण्या बाईनं इचारलं, तुमच्या आईचं काय? माझ्या आईचं काय सांगू? म्या चार वर्सांचा असताना मामाच्या दारात सोडून गेली. दुसरं घर केलं. परत आली न्हाई. मला तिचं तोंड आटवत न्हाई. म्हून पुडच्या खेपेला म्हणलं, माझी आई."

"म्हणजे माझी घेतलीस?"

"व्हय."

त्यानं सबब सांगितली असती, गयावया केली असती, तर मला सोपं गेलं असतं. भांडायला काहीतरी हाताशी आलं असतं. मी विचारलं, "भाऊ शेजारी बसलाय, हे कळलं होतं ना तुला?"

"कळलं व्हतं. तोंडावळा तुमचाच. म्हून तर जोर दिऊन म्हणलं, पोरगा म्हंजी मीच."

"आणि गळ्याची आन?"

त्याचा हात गळ्याकडे गेला आणि अर्ध्यातच खाली आला. मी तोंड पुसलं आणि निघून आले.

इथं लिहावं की मी त्याला माफ केलं, म्हणजे तुम्हालाही बरं वाटेल. मी केलेलं नाही. बरणीतली करवंदं न्यायची, खुशाल. माझी रेसिपी न्यायची, तीही ने. पण आई ही काय न्यायची वस्तू आहे? राग येतो तेवढ्यातच दुसरं दिसतं. मामाच्या दारात उभं असलेलं चार वर्षांचं पोर दिसतं, आणि माझा राग धड रागही राहत नाही. मग स्वतःचाच राग येतो. या वयात हा एवढा व्याप कुणी सांगितला होता?

त्याच पावसाळ्यात त्यानं ते रिसॉर्ट सोडलं. कुणी म्हणतं नाशिककडे गेला, कुणी म्हणतं मुलीकडे असतो. फोन लागत नाही. मी दोनदा लावून पाहिला. लागला असता तर काय बोलणार होते, कोण जाणे. आता पाहुणे भलत्याच बाटल्या आणतात आणि मी झाकण उचलून, डोळे मिटून त्यांना फोनवर सांगते, गुलाबी आणा, गार करून. माझं ऐकतात. त्याचं एवढं माझ्याकडे राहिलं.

भाऊ पुस्तक हातात धरत नाही, हे एक बरं आहे. तुम्हाला तो कुठं भेटलाच तर गप्प राहा. मी पुन्हा तेच करते आहे, गुपित दुसऱ्याच्या हाती देते आहे, हे मला कळतं. पण एकटीनं सांभाळायची ताकद आता राहिली नाही.

यंदा जत्रेला भाऊ आमच्याकडे जेवायला होता. मटण केलं होतं, करवंद घालून. त्यानं आठवणीनं गुलाबी बाटली आणली होती. पेला उचलून म्हणाला, "त्या वाइनवाल्याच्या आईला." साठी झाल्यापासून दर वेळी म्हणतो. मीही माझा पेला उचलला. दोन चमचेच घेते, पण घेते.

मग नळी उचलता उचलता तो मध्येच थांबला. "आक्का, आपल्या आईला मटण का गं आवडत नव्हतं?"

मी पातेल्यातली दुसरी नळी शोधून त्याच्या ताटात वाढली.

"वास चालत नव्हता रे तिला," मी म्हटलं. "तू जेव. आंबट बरोबर लागतंय का?"

"लागतंय," तो भरल्या तोंडानं म्हणाला.