रायेतला सडवाघ

सडवाघ कुणीच पाहिला नव्हता, पण त्याची प्रगती आमच्या गावात रोज होत होती. रेडीकडे खनिजासाठी सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, खणू लागले, तिथून उठलेलं हे जनावर आमच्या देवाच्या राखलेल्या रानात, रायेत शिरलं, असं लाकडाचा ठेकेदार सांगे. आधी ते उघड्या कातळावर धावणारं, तांबडं. मग रायेतल्या सावलीसारखे त्याच्या अंगावर पट्टे उठले. मग ते झाडावर चढायला शिकलं.

"पाल्यातसून चलता, पण आवाज नाय," माझे चुलते म्हणाले.

"तुमी बघलात?" मी विचारलं.

"आवाजच नाय, तर बघतलंय कसो?"

डोकं फिरायचं. वाघाला लपायला जागा नको म्हणून राय तोडायची! आणि रायेतला झरा हेच वाडीचं पिण्याचं पाणी. मी पत्रक छापून आणलं: 'वाघ ठेकेदाराच्या डोक्यात आहे!' बायकांनी त्यात सुकट बांधली.

देवाला विचारल्याशिवाय रायेला हात लागत नाही. म्हणून देवळात गाऱ्हाणं ठरलं. मानकरी एकेक वाक्य म्हणणार, लोक "व्हय म्हाराजा" म्हणणार. वाक्य कोण ऐकतो? स्वर खाली आला की तोंडं आपोआप उघडतात. ठेकेदाराने नेमकं हेच हेरलं होतं. तो मानकऱ्याला चिकटून उभा होता.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंका सुखी ठेव म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

ठेकेदार मानकऱ्याच्या कानाशी लागला.

"सडवाघाक हाकलूक तुझी राय साफ करूची आसा म्हाराजा..."

"व्हय म्हा..."

"नाय म्हाराजा!" मी ओरडलो.

गाऱ्हाण्यात 'नाय' कुणी ऐकलंच नव्हतं.

"गाऱ्हाणा मोडलंस मरे!" मानकरी म्हणाले. "आता पयल्यापासून घालूक व्हया."

चुलत्यांनी माझं मनगट करकचून धरलं. "आता तोंड उघडलंस तर बघ!"

गाऱ्हाणं पुन्हा सुरू झालं. लेकरं आली, सुख आलं, दोन्हीला होकार पडला. पण आता लोक मानकऱ्याच्या ओठांकडे बघत होते.

"...तुझी राय साफ करूची आसा म्हाराजा."

स्वर खाली आला. मनगटावरची पकड आणखी घट्ट झाली.

"व्हय म्हाराजा!" ठेकेदार एकटाच म्हणाला.