न उमललेली गोळी

आमच्या मामाजींसमोर ‘काही होत नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. चपलेचा अंगठा तुटला असो की गाडीचा ब्रेक ढिला असो, कोणी हे तीन शब्द उच्चारले की हातातला चहाचा कप खाली ठेवून ते म्हणत, “होते. तुले दिसत नाई, पण होते.” मग पंधरा मिनिटं ऐकायची तयारी ठेवावी लागे.

रक्ताचं नातं काही नव्हतं. चांदूर बाजारला त्यांचं शेत आमच्या शेताला लागून होतं आणि माझ्या आईला ते ताई म्हणत, म्हणून मामाजी. सारी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. बंदुकीच्या गोळीला जो तांब्याचा पत्रा असतो, तो भट्टीत तापवून नरम करायचा, हे त्यांचं काम. “तांबं ओढलं, ठोकलं का कडक होते. लई नरमवलं त गोळी कातड्यावरच पसरते. कडक राहिलं त उमलतच नाई, आरपार जाते. जनावर मरत नाई, चिडते.” हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की आमच्या मांजरालाही पाठ झालं असावं.

रानडुकरं मारायची वनखात्याची परवानगी निघाली की शेतकरी त्यांच्याच दारी येत. परवान्याची रायफल होती, पण शिकारीचा शौक अजिबात नव्हता. मेलेल्या डुकराच्या अंगातली गोळी काढून, धुऊन ते खिडकीत मांडत. कापसाच्या बोंडासारखी उमललेली गोळी दाखवून म्हणत, “हे पाह्य. तडफडलं नाई बिचारं.”

एका संध्याकाळी आमच्या बांधावर त्यांनी गोळी झाडली. डुक्कर पडलं नाही, तुरीत घुसलं. पानांवर रक्त होतं. अंधार पडत आलेला. त्यांनी मला बजावलं, “सकाळी मी आल्याबिगर तुरीत कोणी पाय ठेवाचा नाई.”

सकाळी आई टोपली घेऊन निघाली. हिरव्या शेंगा तोडायच्या होत्या. “जाऊ का रे?” तिनं विचारलं. मी दात घासत होतो. म्हटलं, “जा ना. डुक्कर कवाच निघून गेलं असन. काई होत नाई.”

डुकरानं तिची पोटरी फाडली. किंकाळी ऐकून मामाजी त्या वयात बांधावरून धावत आले आणि त्यांनी डुक्कर मारलं, म्हणून आई वाचली.

तिला अमरावतीच्या दवाखान्यात ठेवून परतलो, तर मामाजी बांध उकरत बसलेले. आदल्या संध्याकाळची गोळी मातीत सापडली. जशीच्या तशी, जराही उमललेली नाही. तिच्यावरून नख फिरवत ते म्हणाले, “एका पाळीले भट्टी बराबर तापली नव्हती. साहेब म्हणे, जाऊ दे, काई होत नाई. मी जाऊ देलं.”

“मामाजी, ही त्याच पाळीची कशावरून?”

“नसन बी. पण माल त माह्याच कारखान्याचा हाय.”

आईला कोणी पाठवलं, ते सांगायची खरी वेळ तीच होती. माझी हिंमत झाली नाही. सगळा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला आणि भेकडासारखा मी तो घेऊ दिला. रायफल त्यांनी ठाण्यात जमा केली. ती गोळी मात्र सदऱ्याच्या खिशात ठेवली.

पुढे ते अकोल्याला मुलाकडे राहायला गेले. दर रविवारी फोन यायचा. “ताईचा पाय?” मी दर वेळी सांगायचो, “बरा हाय, मामाजी.”

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं म्हणून भेटायला गेलो. आवाज बारीक झाला होता, प्रश्न तोच. “ताईचा पाय?”

“दुखते, मामाजी. थंडीत लई दुखते.” आणि मग इतकी वर्षं अडलेलं बाहेर आलं. “तिले तुरीत मीच धाडलं होतं. काई होत नाई म्हणून.”

“मालूम हाय. ताईनं दवाखान्यातच सांगतलं होतं मले.”

मला रडू आवरेना. “मंग इतके वर्ष मले बोलले काहून नाई?”

“तुले तवाच ठोकलं असतं त तू कडक झाला असता लेका.”

एवढं बोलून ते थकले. खिशातली गोळी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. ती आमची शेवटची भेट. ती गोळी आता माझ्या खिशात असते.