लिव्हरचे आकडे आणि गुळवेल

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वडील घोटावड्याजवळच्या एका दवाखान्यात होते. ऑक्सिजन सुधारत होता, पण रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे रोज चढत होते. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "किती वर्षं पितात?" हेच त्यांनी खाटेवरच्या वडिलांनाही विचारलं होतं. माझं डोकंच फिरलं. शेळ्या राखण्यात जन्म गेलेल्या, चहासुद्धा अर्धाच कप घेणाऱ्या माणसाला हे विचारायचं? मी ताडकन म्हणाले, "थेंबही नाही!"

"मग घरून काही औषध देताय का?"

मी आईकडे बघितलं. ती चुलीपुढे बसून गुळवेलीचा काढा उकळत होती. तेव्हा गावात घरोघरी तेच चाललं होतं. डब्याबरोबर आई थर्मास भरून पाठवायची आणि ताकद यावी म्हणून काढा रोज आणखी कडक करायची.

डॉक्टर म्हणाले, "आजारानंही लिव्हर बिघडतं, पण आधी तो काढा थांबवा."

आईला पटेना. "झाडपाल्यानं कुनाचं वाईट झालंय व्हय?" मी थर्मास कपाटात टाकून कुलूप लावलं. आई माझ्याशी बोलेनाशी झाली, पण आकडे उतरू लागले.

वडील स्वतःच्या पायांनी घरी आले. आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिला वळसा घालून ते कोयता घेऊन अंगणातल्या कडुनिंबाकडे गेले, त्यावरची गुळवेल सपासप तोडली आणि शेळ्यांपुढे टाकली.

"खावा बिनघोर," ते म्हणाले, "तुमाला कुनी दारुडं म्हनायचं न्हाई."