लव्हाळ्याचा वास

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. शेगावला मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं पूजासाहित्याचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत तिने मला कॉलेजची सगळी वर्षं ठेवून घेतलं, सकाळी डबा बांधून दिला आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर केलं. तिला नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही. एकदाच वळली, तीही शाम्पूच्या वासावरून.

रसायनशास्त्र शिकून मी आमच्या गावी, पिंपळगाव राजाला परत आलो आणि शिकेकाई, रिठा, आवळा भिजवून, उकळून, गाळून शाम्पू करू लागलो. आत्या म्हणाली, "माह्या दुकानात ठेव. पण हा काढ्याचा वास लोकायले चालत नाही. चंदन टाक, नाहीतर गुलाब." सुगंधी तेलंही तिनेच मागवून दिली.

गुलाब काही शिकेकाईत मुरला नाही. आंबट वासावर गोड वास नुसता तरंगत राहिला. चंदन मात्र छान बसलं. मी खुशीत गल्लीतल्या बायांना बाटल्या वाटल्या. थोड्या दिवसांनी शेजारची वहिनी बाटली परत घेऊन आली.

"भाऊजी, न्हाऊन आली तं सासू म्हणे, काऊन वं, मले सोडून मंदिरात जाऊन आली का?"

तिच्यामागून आलेली काकू म्हणाली, "माह्या नातीनं तं माह्या डोक्याले हात जोडले!"

दोघी पोट धरून हसल्या. मग मला चूक कळली. आत्याच्या दुकानामागे राहून राहून माझं नाकच अगरबत्तीचं झालं होतं.

आई घरी शिकेकाई कुटायची तेव्हा त्यात नागरमोथा घालायची. शेतात जो लव्हाळा निंदून फेकतात, त्याच्याच कुळातली ही सुवासिक मुळं. त्यांचं तेल मिळतं. मी मागवलं, कागदाच्या पट्टीवर थेंब टाकला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगला. गवत उपटल्यावर हाताला राहतो तसा मातीचा, लाकडाचा वास. रिठ्याच्या फेसात घोटून ते शाम्पूत घातलं. शिकेकाईशी भांडण नाही, काही नाही.

नवी बाटली देताना वास कशाचा ते सांगितलं, तशी काकू भडकली. "लव्हाळा? निंदू निंदू कंबर गेली आमची, अन तू तो डोक्याले लावाले सांगतं बे?"

पण बाटली घेऊन गेली. पुढे रिकामी बाटली नातीच्या हाती आली, निरोपासह: भरून दे.

मी शेगावला गेलो. आत्याने पट्टी हुंगली आणि गल्ल्यावर ठेवली. "माह्यं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं. त्याले वावराचा वास इकशील?"

"हाव, इकीन."

"मंग माह्या फळीवर नको. लय शिकला तू."

त्यानंतर ती माझा फोन उचलेना. म्हणून मी हे पत्र पाठवलं.

"आत्या, साष्टांग नमस्कार. तुझे उपकार या जन्मात फिटणार नाहीत, आणि चंदन टाकून तर मुळीच फिटणार नाहीत. फळी देऊ नकोस. मी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून मांडीन, पण वास हाच ठेवीन. पुण्याला मुलाखतीत माझ्या 'मले-तुले'ला हसले होते. मी परत येऊन तुझ्या खोलीत रडलो आणि म्हणालो, आता असं बोलणार नाही. तू म्हणालीस, 'काऊन लपवतं? चोरी केली का?' त्याचं आज उत्तर देतो. नाही केली. शाम्पूनेही नाही केली. सोबत एक बाटली पाठवतो. ती विकायला नाही. शुक्रवारी तूच न्हा. नाही आवडला तर मोरीत ओत, पण ओतलास हे फोन करून सांग. तुझा भाचा."