आईच्या खोलीतले चार रिमोट

आमच्या नात्यागोत्यात कोणाला साधा मिक्सर घ्यायचा असला तरी आधी मला फोन येतो, आणि तो यावाच अशी माझी अपेक्षा असते. हिंगणघाटला एका आयटीआयमध्ये मी वीसेक वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, वर्ध्याहून रोजचं अपडाऊन. वस्तू हातात घेतली की ती किती टिकेल हे मला कळतं. बायको मला उंटावरचा शहाणा म्हणते. पण तिच्या माहेरचा फ्रिज मीच निवडून दिला होता आणि तो अजून चालू आहे, एवढंच मी इथे सांगून ठेवतो.

गेल्या दिवाळीनंतर आईला लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. विहारात रविवारी वंदना सांगणारी बाई ती. मागच्या रांगेत कोणी कुजबुजलं तर न थांबता नुसता आवाज चढवायची आणि तो माणूस गप्प व्हायचा. आता तिला एकेक शब्द ओढून आणावा लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला बोलतं ठेवा, नाहीतर उरलंय तेही जाईल. मला त्याची मनापासून धास्ती होती. म्हणून मी तिचा त्रास कमी करायचो. ती ‘पा’ म्हणाली की ग्लास पुढे. ती ‘औ’ म्हणाली की गोळी हातावर. डॉक्टरांसमोरही तिची वाक्यं मीच पुरी करायचो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटायचा. तरी हळूहळू तिचं बोलणं कमीच होत गेलं. चैत्र उजाडेपर्यंत ती नुसती मान हलवू लागली. आजारच तसा आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

तिच्या खोलीत टीव्ही, सेटटॉप बॉक्स, एसी आणि पंखा, असे चार रिमोट. चारही प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबरबँड, कारण आमच्या घरात धूळ आधी रिमोटवर बसते अशी बायकोची खात्री आहे. आई डाव्या हातानं बटण दाबायला जायची, पिशवी सटकायची आणि रिमोट पलंगाखाली. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी काय होतं हे वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. बायको दिवसातून दहा वेळा वाकून रिमोट काढायची. शेवटी मी ठरवलं की चारही रिमोटचं काम करणारी एकच डबी आणायची.

अशा डब्या बाजारात ढीगभर आहेत. लोक दिसायला छान ती उचलतात आणि मग मला फोन करतात. मी तसं केलं नाही. रिमोटमधून जो उजेड निघतो तो डोळ्यांना दिसत नाही, पण भिंतीतून जात नाही आणि कपाटाआडही जात नाही. म्हणून चारही बाजूंना उजेड फेकणारी डबी हवी. आमचा पंखा नागपूरच्या कुठल्याशा छोट्या कंपनीचा, त्याचं नाव कुठल्याच यादीत सापडणार नाही, म्हणून जुन्या रिमोटसमोर धरली की शिकून घेणारी डबी हवी. वीज जाऊन आली तरी शिकलेलं विसरायला नको. हे सगळं तपासून मी आठवडाभरात निवड केली.

खरा प्रश्न पुढचा होता. डबीला हुकूम द्यायचा कसा? मोबाइलवरून, उशाशी ठेवलेल्या बटणांनी, की तोंडानं बोलून? मोबाइल आईला जमणारा नव्हता. बोलण्याचा विचार मी एका मिनिटात बाद केला. ही यंत्रं धडधाकट माणसाचं बोलणं समजून घेताना घाम काढतात, तिथे आईचं काय ऐकणार? यंत्रानं तिला दहादा नाही म्हणावं आणि तिनं ते ऐकावं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. बटणं ठरली.

‘आईले विचारलं का तुमी?’ बायकोनं विचारलं.

त्यात विचारायचं काय, असं मी म्हणालो आणि ऑर्डर टाकली. बोलका स्पीकरही मागवला, पण तो माझ्या हौसेसाठी, पाहुण्यांना दाखवायला.

सामान आलं त्या रविवारी मी बनियनवर तीन तास राबलो. डबी टीव्हीच्या वर बसवली, तिथून एसीही दिसत होता आणि पंखाही. पंख्याचा रिमोट तिला पहिल्याच झटक्यात शिकवला. आईच्या उशाशी चार मोठी बटणं चिकटवली, प्रत्येकावर वेगळ्या रंगाची टेप. आईनं निळं बटण दाबलं आणि एसी सुरू झाला. मी बायकोकडे पाहिलं. तिनं छान झालं म्हटलं, आणि मी त्या संध्याकाळी तीन नातेवाइकांना फोन केले. स्पीकरही आईच्या खोलीतच टीव्हीशेजारी ठेवला आणि त्यालाही सगळं जोडून दिलं. वर्ध्यात हिंदी कोणाला शिकवावी लागत नाही, तेव्हा त्याच्याशी मी हिंदीत बोलायचो, आणि तो लगेच ऐकायचा.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी आयटीआय लवकर सुटली आणि मी तीनच्या सुमाराला घरी पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बूट काढताना आईच्या खोलीतून आवाज आला. आधी मला टीव्ही वाटला.

‘ए... सी... चा...’

‘माफ कीजिए, समझ में नहीं आया,’ असं स्पीकर म्हणाला.

पुन्हा तेच. आई तेवढंच म्हणायची, स्पीकर तेवढीच माफी मागायचा, त्याच गोड आवाजात, आणि आई दम घेऊन पुन्हा सुरू करायची. तिचा एवढा आवाज मी किती महिन्यांत ऐकला नव्हता. मी दाराशी गेलो. खोली भट्टीसारखी तापलेली, आईच्या कपाळावर घाम, आणि निळं बटण उशाशी हाताच्या अंतरावर. ते दाबायचं तिला सुचत कसं नाही, याचा मला रागच आला. बिचारी ‘चालू’पाशी अडकली होती. मी दारातूनच खणखणीत हिंदीत हुकूम दिला. एसी सुरू झाला.

मी हसत आत गेलो. आईनं तोंड भिंतीकडे वळवलं.

‘बंद... कर.’

मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. तिला काही सांगायचं होतं. मदत करायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिनं मनगट दाबलं.

‘थे... थांबते,’ स्पीकरकडे पाहून ती म्हणाली. ‘तू... नाई... थांबत.’

शहाण्याला शब्दाचा मार, असं मी वर्गात नेहमी म्हणतो. त्या दिवशी मार मला बसला. डॉक्टरांनी सांगितलं होतं बोलतं ठेवा, आणि सहा महिने तिच्या तोंडातला प्रत्येक शब्द मीच पळवत होतो. ज्या यंत्राला काही कळत नाही म्हणून मी बाद केलं होतं, त्याच्याशीच तिचं जमलं होतं, कारण त्याला खरंच काही कळत नव्हतं. शब्द पुरा आल्याशिवाय ते हलत नव्हतं, आणि पुढचं ओळखायचा आवही आणत नव्हतं.

बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती. ‘रोज दुपारी करते थ्या हे,’ ती म्हणाली. ‘मले मधात बोलू नाई देत.’ घरात हे चाललंय याचा मला पत्ताही नव्हता.

मी एसी बंद केला आणि खुर्ची ओढून बसलो. आईनं पुन्हा सुरू केलं. स्पीकरनं पुन्हा माफी मागितली. प्रत्येक वेळी माझी जीभ शिवशिवत होती, म्हणून मी दात दाबून धरले. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मग एकदा ‘लू’ आलं, पुरतं आलं, आणि एसीची पाती वर उचलली गेली. मी टाळी वाजवणार होतो, पण आईचं लक्ष तिकडे नव्हतंच. श्वास आवरून ती माझ्याकडे वळली आणि तिनं नवं काहीतरी सुरू केलं.

‘जेवत...’

मी खुर्चीतून अर्धा उठलो. जेवायला हवंय, मला कळलं होतं. मग तिची नजर पाहिली आणि परत बसलो.

‘जेवत... नाई... दुपारची... तुही... बायको.’

एवढं एक वाक्य. मला आठवलं, हिवाळ्यात, थोडं बोलायची तेव्हा, रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की आई ‘जेव’ म्हणायची आणि मी धावत तिचं ताट आणायचो. ती ताट लोटायची. तिची भूक मेली म्हणून मी भूक लागायचं औषधसुद्धा आणलं होतं, आणि ती तेही मुकाट्यानं प्यायली होती. मला वाटायचं, आई बोलते ती काहीतरी मागायलाच.

मी बायकोकडे पाहिलं. आईला भरवण्यात एक तास, मग तिचा व्यायाम, मग साडेतीनला ट्यूशनच्या पोरी येतात. तिचे गाल बसले होते. रोज समोर असूनही ते मला दिसलं नव्हतं.

‘काई नाई,’ बायको घाईनं म्हणाली. ‘चालते मले.’

‘नाई...’ आई म्हणाली, आणि थांबली. तिचे ओठ हलत होते. पुढचा शब्द मला माहीत होता, बायकोलाही माहीत होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

‘...चालत.’

मग मी ताट वाढायला उठलो.